शिकागोची रिलायन्स बिल्डिंग: खाली नवी, वर जुनी, आणि शंभर वर्षांनी पुन्हा पांढरी

उंबरठा
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं दोन वर्षं मनात होतं, आज रविवार आहे आणि बाहेर बर्फ पडतोय म्हणून बसलो एकदाचा.

मी नेपरव्हिलला राहतो, रोज सकाळी लोकलने युनियन स्टेशनला उतरून चालत लूपमधे ऑफिसला जातो. लूप म्हणजे शिकागोचा आपल्या फोर्टसारखा भाग. त्या वाटेवर स्टेट आणि वॉशिंग्टन या दोन रस्त्यांच्या चौकात एक पांढरी बारीकशी बिल्डिंग उभी आहे, १४ मजली, साधारण २०० फूट. आजूबाजूच्या टॉवर्सपुढे अगदी लहान, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं मी तिच्यासमोरून गेलो आणि मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग एकदा आईबाबा आले होते, बाबा चौकात थांबले आणि म्हणाले ही इमारत जुनी आहे की नवी? मला सांगता येईना. काचाच काचा, सपाट, हलकी, म्हणून नवी वाटते, आणि जवळ जाऊन बघितलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर नाजूक नक्षी. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की ती १८९५ची आहे! म्हणजे टिळकांनी रायगडावरच्या शिवस्मारकासाठी चळवळ सुरू केली त्या वर्षीची.

तिचं नाव रिलायन्स बिल्डिंग. आपल्याकडच्या रिलायन्सशी काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.

आता हिची जन्मकथा ऐका, मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. जागेचा मालक विल्यम एलरी हेल, धंदा लिफ्ट बनवायचा. लिफ्टवाल्याला उंच इमारत हवी असणारच, पण या जागेवर एक जुनी बँकेची बिल्डिंग उभी होती आणि तिच्या वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंचे करार १८९४च्या मेपर्यंत होते. तळमजला मात्र त्याला आत्ताच हवा होता, कारण स्टेट स्ट्रीट म्हणजे भर बाजार. मग बर्नहॅम आणि रूट या आर्किटेक्टच्या फर्मने काय केलं, तर वरचे मजले स्क्रूच्या जॅकवर उचलून धरले, भाडेकरू वर आपापली कामं करतायत, आणि खाली नवा पाया, नवं तळघर, नवा तळमजला बांधून काढला. १८९०-९१ची गोष्ट. तीनेक वर्षं ही इमारत खाली नवी आणि वर जुनी अशीच उभी होती. १८९३च्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ती जागा इथून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, म्हणजे ते या चौकात आले असतील तर त्यांनी हे अर्धं-अर्धं रूपच पाहिलं असणार.

मधेच जॉन रूट गेला. १८९१च्या जानेवारीत, न्यूमोनियाने, वय अवघं ४१. तळमजला त्याचा. वरचं काम बर्नहॅमने चार्ल्स अ‍ॅटवुड या नव्या माणसाकडे दिलं, ज्याने १८९३च्या जागतिक प्रदर्शनात कलादालनाची इमारत केली होती (ती अजून आहे, आता तिथे सायन्सचं म्युझियम आहे, मुलांना घेऊन गेला असाल). १८९४ला करार संपले, वरचे जुने मजले उतरवले, आणि रूटच्या तळमजल्यावर अ‍ॅटवुडची पांढरी इमारत चढली. वरच्या १० मजल्यांचा पोलादी सांगाडा १५ दिवसांत उभा राहिला. पंधरा दिवस! आमच्या सोसायटीत पुण्याला पाण्याची टाकी बांधायला याहून जास्त दिवस लागले होते.

१८९५च्या मार्चमधे इमारत उघडली आणि त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅटवुडही गेला.

पुढचं, म्हणजे तिची दशा कशी झाली आणि ती परत कशी उभी राहिली, ते प्रतिसादात टाकतो, इथे फार लांबेल.

निशिगंधा७९
वा, छान लिहिलंय. मला एक बेसिक प्रश्न आहे, जगातली पहिली गगनचुंबी इमारत हीच का? शाळेत एम्पायर स्टेटच शिकवलं होतं.

उंबरठा
नाही हो ताई. पहिलीचा मान बहुतेक जण शिकागोच्याच होम इन्शुरन्स बिल्डिंगला देतात, १८८५ची, विल्यम ले बॅरन जेनी या इंजिनीअरची, १० मजली. त्यावरही वाद आहेत. पण ती १९३१मधे पाडली, आता बघायला नाही. त्या पिढीतल्या किती तरी पाडल्या. रिलायन्सच्या उत्तरेला एक चौक सोडला की मेसॉनिक टेंपल होतं, याच बर्नहॅम-रूटचं, ३०२ फूट उंच, १८९२चं, तेही १९३९ला गेलं. सलिव्हन या तिथल्या नावाजलेल्या आर्किटेक्टचं स्टॉक एक्स्चेंज १९७२मधे पाडत असताना रिचर्ड निकल नावाचा फोटोग्राफर, जो वर्षानुवर्षं या इमारतींचे फोटो काढत आणि त्यांची नक्षी वाचवत फिरायचा, तो त्याच इमारतीच्या ढिगाऱ्याखाली सापडून गेला. त्या स्टॉक एक्स्चेंजचा सौद्यांचा हॉल आता आर्ट इन्स्टिट्यूटमधे पुन्हा उभा केलाय. मी तिथे गेलो की दोन मिनिटं तरी त्या माणसासाठी थांबतो.

गवंडीकाका
उंबरठा, धागा उत्तम. मी आयुष्यभर स्ट्रक्चरचं काम केलं, आता निवृत्त, तेव्हा थोडी भर घालतो, चालेल ना.

ज्यांना सांगाडा म्हणजे काय हे नीट कळत नाही त्यांनी आपला वाडा आठवावा. वाड्यात लाकडी खांब, त्यावर तुळया, खण पाडलेले, आणि मधे विटांची नुसती भरण. वजन खांब घेतो, भिंत फक्त आडोसा. म्हणून जुन्या वाड्याची भिंत ढासळली तरी माडी जागेवर दिसते. शिकागोवाल्यांनी हेच पोलादात केलं आणि १४ मजले वर नेलं. उलट उदाहरण बघायचं तर त्याच गावातली मोनॅडनॉक, १८९१ची, ती १६ मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी आहे आणि तळाशी भिंतीची जाडी ६ फूट! आणि गंमत म्हणजे तीही याच बर्नहॅम-रूटची. म्हणजे एकाच फर्मने विटांचं शेवटचं टोकही गाठलं आणि चार वर्षांत भिंत जवळजवळ काढूनही टाकली.

रिलायन्समधे भिंतच नाही म्हणून खरा प्रश्न वाऱ्याचा. जाड भिंत वारा अडवते, नुसता सांगाडा डुलतो. शँकलंड म्हणून इंजिनीअर होता त्यांचा, त्याने खांब दोन-दोन मजले उंचीचे अखंड घेतले आणि त्यांचे सांधे एकाच पातळीवर येऊ दिले नाहीत, एकाचा इथे तर शेजारच्याचा वरच्या मजल्यावर. शिवाय बाहेरच्या कडेने २४ इंच खोलीच्या तुळया खांबांना घट्ट जोडल्या. टेबलाचा पाय आणि वरची पट्टी यांचा कोपरा पक्का असला की टेबल हलत नाही, तसंच. या खोल तुळया कुठे लपल्यात ते फोटोत बघा, खिडक्यांच्या मधल्या त्या आडव्या पांढऱ्या पट्ट्या आहेत ना, त्यांच्या मागे.

आणि जमीन. शिकागोची जमीन मऊ चिखलमातीची, खडक फार खाली. वजन कमी ठेवणं हाच तिथला मोठा उपाय. काच आणि पोकळ मातीचे ठोकळे हे नुसत्या शोभेसाठी नव्हते.

मातीचा_वास
काका, "पोकळ मातीचे ठोकळे" म्हणजे टेराकोटाच ना? ती पांढरी नक्षी दगडाची नाही?? मी फोटो बघून संगमरवर समजत होते.

उंबरठा
हो हो, तेच सांगायचं राहिलं. बाहेरचं सगळं पांढरं अंग भाजलेल्या मातीचं आहे, वर पांढरं ग्लेझ. आपली लोणच्याची चिनीमातीची बरणी असते ना, त्याच जातीचं. १८७१च्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळाला होता आणि लोखंड आगीत वाकतं हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून मग प्रत्येक पोलादी खांबाला आणि तुळईला मातीचं कवच. आतून आगीसाठी साधी पोकळ माती, बाहेरून दिसायला ग्लेझवाली.

पांढरा रंग का, तर तेव्हा शिकागोत सगळीकडे दगडी कोळसा जळायचा, इमारती दोन वर्षांत काळ्या व्हायच्या. ग्लेझवर काजळी धरणार नाही, पाऊस पडला की आपोआप धुऊन निघेल, असा त्या लोकांचा विश्वास होता. धुतलं जाणारं घर ही कल्पनाच त्या काळात किती नवी! आणि आत बसणारेही तसेच, वरच्या मजल्यांवर बहुतेक डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर. त्यांना स्वच्छता हवी आणि उजेड हवा. विजेचे दिवे होते पण मिणमिणते, तपासायला खरा आधार खिडकीचाच. म्हणून मधे एक भलीमोठी न उघडणारी काच आणि दोन्ही बाजूंना वर-खाली सरकणाऱ्या अरुंद खिडक्या, या मांडणीला अजून शिकागो विंडो म्हणतात. खिडक्यांचा सज्जासारखा भाग बाहेर काढलाय, त्यामुळे तीन बाजूंनी प्रकाश येतो.

मातीचा_वास
माझं आजोळ पेणचं, मामांचा गणपतीचा कारखाना आहे, म्हणून विचारते. शाडूची मूर्ती वाळताना आकसते, साचा त्या हिशोबानेच घ्यावा लागतो. इथे तर माती भट्टीतही जाणार. मग शंभर वर्षांनी एखादा तुकडा फुटला तर त्याच मापाचा नवा कसा करणार? जुन्या तुकड्यावरून साचा काढला तर नवा लहानच निघेल की.

उंबरठा
ताई तुम्ही बरोब्बर नस पकडलीत!! अगदी हेच होतं. जुना तुकडा जसाच्या तसा साच्यात घालून चालत नाही, आधी त्याची मोठी प्रतिकृती करायची, माती जितकी आकसणार तितकी मोठी, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात माती हाताने दाबून बसवायची, आतून पोकळ ठेवायची, आठवडेच्या आठवडे वाळवायची, मग ग्लेझ, मग भट्टी. आणि रंग. पांढरा म्हणजे एक पांढरा नव्हे, शंभर वर्षांच्या पांढऱ्याशी कालचा पांढरा जुळवायचा, तेही एकाच भिंतीत कुठे जास्त ऊन खाल्लेला, कुठे सावलीतला. नमुने करकरून जुळवावं लागतं.

आता राहिलेली कथा सांगतो.

विसाव्या शतकात डॉक्टर हळूहळू निघून गेले. अल कपोन या कुप्रसिद्ध गुंडाचा दातांचा डॉक्टर याच इमारतीत बसायचा असं शिकागोत सगळे सांगतात. मग छोटी दुकानं, छोटी ऑफिसं, तळमजल्यावर पाट्यांवर पाट्या, रूटचा ग्रॅनाइट त्याच्यामागे दिसेनासा झाला. छपराची पुढे आलेली कड, कॉर्निस, तीही उतरवून टाकली होती, म्हणजे टोपी काढलेल्या माणसासारखी इमारत. आणि पांढरेपणा? आपोआप धुतली जाणारी ती भिंत पार करडी झाली होती. जुने फोटो बघितले की पोटात तुटतं. कागदावर मान भरपूर मिळाला, १९७०ला ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नाव, १९७५ला शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा, १९७६ला राष्ट्रीय स्मारक, पण मानाने गळती थांबत नाही. वरचे मजले रिकामे पडत गेले. समोरचा अख्खा ब्लॉक, ज्याला ब्लॉक ३७ म्हणतात, तो १९८९मधे पाडला आणि पुढे कित्येक वर्षं तिथे नुसती मोकळी जागा होती. रिलायन्सचंही तेच होईल अशी भीती खरी होती.

मग १९९४च्या सुमाराला शहराने पुढाकार घेऊन इमारत आपल्या हातात घेतली, आधी बाहेरचं अंग दुरुस्त केलं आणि मग आतल्या वापरासाठी माणूस शोधला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या कामाचे आर्किटेक्ट गनी हार्बो, मॅक्लिअर फर्मचे, ज्यांनी त्याआधी रूकरी ही बर्नहॅम-रूटचीच १८८८ची इमारत दुरुस्त केली होती. टेराकोटा धुतला, जे तुकडे वाचवता येतील ते जागेवर वाचवले, जे गेले ते नवे करून बसवले, कॉर्निस पुन्हा केली, तळमजला पुन्हा उघडा केला. १९९९मधे आत हॉटेल सुरू झालं, हॉटेल बर्नहॅम, आणि खाली कॅफेला नाव दिलं अ‍ॅटवुडचं. पुढे हॉटेलचं नाव बदललं, पण वापर तोच राहिला.

मी एकदा लग्नाच्या वाढदिवसाला मुद्दाम तिथे एक रात्र राहिलो, घरापासून तासाभराच्या अंतरावर. लिफ्टमधून बाहेर पडलं की जुना पॅसेज, पायाखाली मोझेक, कमरेपर्यंत पांढरा संगमरवर, आणि खोल्यांचे दरवाजे चक्क जुन्या ऑफिसांसारखे, लाकडी चौकट, मधे धुरकट काच, काचेवर रंगवलेला नंबर, पत्र टाकायची फट. बायको म्हणाली दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतंय. रात्री त्या मोठ्या काचेशी बसून खालचा चौक बघत राहिलो, झोप अशी फार झालीच नाही.

फोर्टवाली
उंबरठा, तुमचा धागा दुपारी हायकोर्टाच्या कॅन्टीनमधे बसून वाचला आणि नंतर कामात लक्ष लागेना, कारण माझ्या डोळ्यासमोर सारखी काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन येत होती. म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. रिलायन्सच्या पाव शतक आधीची. १८६७ ते ६९मधे बांधली, रोलंड ऑर्डिश नावाच्या इंजिनीअरने आखली, लोखंडी भाग इंग्लंडात ओतून जहाजाने मुंबईला आणले आणि इथे जोडले. सांगाडा बाहेरून दिसतो, भिंती नुसत्या भरलेल्या. १८९६च्या ७ जुलैला लुमिए बंधूंचे चलचित्रांचे खेळ तिथेच झाले, भारतातला पहिला सिनेमा!

मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्या सीनिअरांचं चेंबर तिथे होतं. कोर्टाच्या समोर म्हणून वकील, झेरॉक्सवाले, टायपिस्ट, राहणारी कुटुंबं, सगळे एकाच छताखाली. जिना चढताना लाकूड करकरायचं आणि पावसाळ्यात फायली प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवायच्या हा पहिला धडा मी तिथे शिकले. २००५ला बाल्कनीचा भाग कोसळला, एक माणूस गेला. त्याच सुमारास जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं, २०१९मधे कोर्टाने रिकामी करायला लावली, एका बाजूचा अहवाल म्हणे पाडा, दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ म्हणे वाचते. मी रोज तिच्यावरून जाते. रिकामी इमारत बघणं हे गर्दीच्या पडक्या इमारतीपेक्षा जास्त त्रासाचं आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

दादरकर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही पागडीच्या चाळीत तीन पिढ्या काढल्या. इमारत वाचली वाचली म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, पण शेवटी तिथे हॉटेलच आलं ना? ज्या डॉक्टरांची, शिंप्यांची, छोट्या दुकानदारांची ती होती त्यांना परत जागा मिळाली का? दगडमाती वाचवायची आणि माणसं बाहेर, हे मला पटत नाही. आमच्याकडेही हेरिटेज म्हटलं की पहिली भीती हीच वाटते.

उंबरठा
दादा, राग कशाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. रिलायन्समधून निघून गेलेल्यांना परत कोणी आणलं नाही हे खरंच आहे, आणि हॉटेलची खोली सगळ्यांना परवडणारी नाही हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की वापराशिवाय ती टिकली नसती. नुसतं म्युझियम करून १४ मजले चालवता येत नाहीत, आणि ऑफिस म्हणून त्या छोट्या खोल्या कोणाला नको होत्या. अरुंद इमारत, प्रत्येक खोलीला खिडकी, मधे पॅसेज, याच्यात हॉटेल नैसर्गिकपणे बसतं, फार तोडफोड करावी लागत नाही. अमेरिकेत अशा यादीतल्या इमारतीचं काम नियमांनुसार केलं तर खर्चाच्या २० टक्के केंद्राच्या करात सवलत मिळते, पण फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतीला. त्यामुळेही हॉटेलसारखे वापर पुढे येतात.

पण तुमच्या मुद्द्यावर मी हेलकडे परत जातो. मालकाला घाई होती, पैसा होता, तरी भाडेकरूंचा करार आहे म्हणून त्याने त्यांना वर ठेवून खाली बांधलं. करार मोडला नाही, इमारत जॅकवर उचलली. मला शंभर वर्षांनंतरच्या दुरुस्तीइतकंच ते पहिलं काम मोठं वाटतं.

दादरकर
हं. हे मात्र मान्य. आमच्याकडे ट्रान्झिट कॅम्पला पाठवतात आणि मग नातवंडं मोठी होतात.

गवंडीकाका
दादरकर यांचं दुखणं मी जवळून बघितलंय, बोलण्यासारखं खूप आहे पण ते वेगळ्या धाग्यात.

इथे दुरुस्तीचं थोडं सांगतो, कारण वॉटसन्स आणि रिलायन्स दोन्हींचा शत्रू एकच, पाणी. मुंबईत ज्याच्या घरी छज्ज्याचं प्लास्टर पडलंय त्याला हे समजवायला नको. आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देतो. टेराकोटातही तेच. ग्लेझ स्वतः पाणी घेत नाही, पण बरणीला केसासारखे बारीक तडे जातात तसे त्याला जातात, आणि दोन तुकड्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, उघड्या पडतात. पाणी तिथून आत, पोलादापर्यंत. वर शिकागोची थंडी, आत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं. बाहेरून सगळं चकचकीत आणि आत पोलादाचा पापुद्रा निघतोय.

म्हणून असल्या कामात पाळण्यावर उभं राहून एकेका तुकड्यावर हलकी थाप मारून ऐकतात. चांगला तुकडा खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. आपण मडकं घेताना वाजवून घेतो तसंच. जिथे बद्द वाजेल तिथे तुकडा काढायचा, मागचं पोलाद घासून गंज काढून रंगवायचं, जुने लोखंडी आकडे काढून स्टेनलेसचे लावायचे, मग तुकडा परत. दर्जांमधे मात्र मसाला मऊ हवा. हौशी माणसं सिमेंट ठोकून भरतात किंवा सगळीकडे सीलंट फासतात, मग आत गेलेलं पाणी बाहेर यायचा रस्ताच बंद. मी नोकरीत असताना एका जुन्या दगडी इमारतीच्या दर्जा अशाच कडक सिमेंटने भरताना पाहिल्या, सांगून बघितलं, ऐकलं नाही, सहा-सात पावसाळ्यांत दगडाच्या कडा फुटून निघाल्या. ते अजून खातं मनाला.

वॉटसन्सचा प्रश्न याहून अवघड. ते ओतीव लोखंड, दाब भरपूर घेतं पण ताण आला की सूचना न देता तुटतं, पोलादासारखं आधी वाकत नाही. शिवाय त्यावर नंतर माणसांनी चढवलेले वाढीव माळे, पार्टिशनं, टाक्या. तरी माझं मत, आधी भार उतरवा, पाणी थांबवा, मग एकेक जोड तपासा. पाडायचा निर्णय सगळ्यात शेवटी.

रविवारची_भटकंती
वाचनखूण साठवली! गवंडीकाका तुम्ही वेगळी लेखमाला लिहाच. उंबरठा, त्या हेलचं पुढे काय झालं? नाव कुठेतरी ऐकलंय.

उंबरठा
तुम्ही ऐकलंय ते त्याच्या मुलाचं असणार. जॉर्ज एलरी हेल, खगोलशास्त्रज्ञ. लिफ्टच्या पैशातून बापाने मुलाला शिकागोच्या घराशेजारी वेधशाळा बांधून दिली, आणि पुढे ६० इंची आरशासाठी काचेची तबकडीही घेऊन दिली, जी नंतर कॅलिफोर्नियाच्या माउंट विल्सनवर बसली. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीला त्याच मुलाचं नाव आहे. बापाने शहरात काच चढवली आणि मुलाने डोंगरावर, हे मला वाचताना एकदम भरून आलं होतं, का ते सांगता येणार नाही.

मातीचा_वास
मामांना फोन करून ते मोठ्या प्रतिकृतीचं सांगितलं. म्हणाले "मग, दुसरं कसं करणार!" आणि मग अर्धा तास विचारत होते की त्यांची भट्टी किती मोठी, ग्लेझ एका वेळच्या भाजणीत बसतं का दोन, कारागीर तरुण आहेत का म्हातारे. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

उंबरठा
ताई, मामांना माझा नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडं आनंदाचं आहे. अमेरिकेतही हा धंदा जवळजवळ संपला होता, कारण १९३०नंतर नव्या इमारतींना टेराकोटा लागेनासा झाला. या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीमुळेच तो परत जगला. बफेलोजवळ एक कारखाना आहे, बॉस्टन व्हॅली, तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कुंड्यांच्या कारखान्याचा टेराकोटाचा कारखाना झाला, सलिव्हनच्या गॅरंटी बिल्डिंगच्या दुरुस्तीच्या कामावर. आज तिथे तरुण मुलं-मुली हाताने माती दाबतात. कॅलिफोर्नियात ग्लॅडिंग मॅकबीन तर १८७५पासून चालूच आहे.

फोर्टवाली
म्हणजे एक इमारत वाचवली की तिच्यामागे एक हुन्नरही वाचतो. आपल्याकडे ओतीव लोखंडाचं जुनं काम जाणणारे किती उरले असतील, असा विचार आला. उद्या मी एस्प्लनेड मॅन्शनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून या धाग्यावर टाकते. गवंडीकाका, तुम्ही बघून सांगाल का कुठला भाग काय आहे ते?

गवंडीकाका
जरूर टाका ताई. खांबांचे माथे आणि जिथे तुळई बसते तो जोड, तेवढे जवळून घ्या. पण खाली उभं राहून नव्हे, रस्त्याच्या पलीकडून झूम करून.

निशिगंधा७९
मी ऑक्टोबरमधे मुलीकडे शिकागोला येतेय, आता हे बघितल्याशिवाय जाणार नाही. कधी आणि कुठून बघू?

उंबरठा
सकाळी या, साडेआठ-नऊच्या सुमारास. इमारतीची एक बाजू पूर्वेला स्टेट स्ट्रीटवर आहे, एक उत्तरेला वॉशिंग्टनवर, त्यामुळे ऊन सकाळीच मिळतं. चौकात तिरप्या कोपऱ्यावर जुनं मार्शल फील्डचं दुकान आहे, आता मेसीज, त्याच्या कोपऱ्यावर मोठं हिरवं घड्याळ लटकतंय, त्याच्याखाली उभ्या राहा. आधी तळमजल्याचा गडद दगड बघा, तो रूटचा. मग नजर वर न्या, पहिल्या मजल्यापासून पांढरं सुरू होतं. त्या रेषेवर थोडा वेळ थांबा, तीन वर्षं तिथे वर भाडेकरू होते. आणि यायच्या आधी इथे कळवा, मी ऑफिसला जाता जाता तिथेच भेटतो.